दुर्मीळ ग्रंथांच्या नावाखाली ८७,७०० रुपयांचा गंडा: नाशिककरांनो, सावध राहा

नाशिकमध्ये दुर्मीळ पुस्तकं जमवणाऱ्यांचं एक 'खासगी मंडळ' फिरतंय. सभासदत्व फक्त शिफारशीने, पुस्तकांची यादी फक्त सभासदांना, लिलाव बंद दाराआड. या लोकांनी माझे ८७,७०० रुपये खाल्ले. लाजेपोटी बरेच दिवस घरातही बोललो नाही. पण त्यांचं नवं सभासद गोळा करणं चालूच आहे, म्हणून लिहितोय.

प्रवेश फी ११,०००. बोली लावायची तर अनामत २५,०००, 'कधीही परत मिळेल' या अटीवर. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे ४८,५००. वर पॅकिंग आणि विम्याचे ३,२००. सगळे यूपीआयने, आणि तेही एका माणसाच्या खात्यात. 'मंडळाचं खातं उघडायचं काम चालू आहे, सर.' संस्थेच्या नावाने खातं नसेल तर एक रुपया देऊ नका. पावतीवर नोंदणी क्रमांक छापलेला होता, तोही खोटा निघाला. क्रमांक आधी तपासा, पैसे मग.

ज्या क्षणी उठून यायला हवं होतं, तो अजून डोक्यातून जात नाही. गंगापूर रोडवरच्या भाड्याच्या हॉलमध्ये त्या गृहस्थाने कोश उघडला आणि म्हणाला, "१८५७ ची पहिली आवृत्ती." अहो, पहिली १८३१ ची! १८५७ ची दुसरी, वाढवलेली. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. शेजारच्यांच्या कानात बोललोही, तर ते म्हणाले, "एवढं जुनं पुस्तक हाती येतंय, आवृत्तीचं काय घेऊन बसलात?" ते शेजारी मंडळाचेच होते, हे नंतर कळलं. पंचवटीतल्या एका वाड्यातला कुणाच्या आजोबांचा संग्रह म्हणे, चार वयस्क माणसं गंभीरपणे बोली लावताहेत, अशा ठिकाणी कोण उठून 'खोटं' म्हणेल? तुम्हीही म्हणाला नसता.

आणि ते पांढरे हातमोजे! मोज्यांशिवाय हात लावू देत नव्हते. मला वाटलं, काय ही काळजी! खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत अक्षराचा दाब पानाच्या मागच्या बाजूने बोटाला लागतो. मोजे घातले की तो कळत नाही, म्हणून ते मोजे. छापील पुस्तक स्वच्छ, कोरड्या हाताने बघता येतं. बघू देत नसतील तर निघा.

घरी पुस्तक उघडलं. पानं गुळगुळीत, दाबाचा मागमूस नाही. कसरीने पाडलेल्या भोकावर बोट ठेवलं, तर भोकच नाही, काळा ठिपका छापलेला. अलीकडच्या पुनर्मुद्रणाला जुनाट रंगवलेलं पहिलं पान चिकटवून दिलं होतं.

मग सुरू झाली खरी परवड. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सायबरवाले म्हणाले, तुम्ही माणसाला समक्ष भेटलात, ही ऑनलाइन फसवणूक नाही, ठाण्यात जा. ठाण्यात म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. पुन्हा गेलो तर, "वस्तू मिळाली ना? दिवाणी बाब आहे." बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. एका साहेबांनी कोश उलटसुलट करून विचारलं, "रद्दीत केवढ्याला जाईल हे?" माझ्या तोंडावर! बनावट वस्तू खरी म्हणून विकणं ही फसवणूक नाही, तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? ज्येष्ठ माणसाने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचं आणि तोवर त्या भामट्यांनी खातं रिकामं करायचं!

लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर तोच अर्ज आयुक्तालयात द्या. मंडळवाल्यांनी हस्तलिखितं दाखवली तर परवाना मागा. ७५ वर्षांहून जुन्या, महत्त्वाच्या हस्तलिखितांचा धंदा करायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने परवाना लागतो. वाड्याचं नाव सांगितलं तर त्या घरच्यांशी स्वतः बोला. मी नाही बोललो, कारण 'कुटुंबात वाद आहे, नाव फुटू नये' असं बजावलं होतं.

तुमच्याकडेही अशी पावती असेल तर फाडू नका. पुढचा अर्ज सगळ्यांचा मिळून द्यायचा आहे. एकट्याला दिवाणी बाब म्हणून वाटेला लावतात, दहा जणांना लावून दाखवू देत.