चित्र बदललं तशी चौकट बदलणारे शहापूरचे मिस्त्री

बेळगावात फ्रेम करून देणारी दुकानं खडेबाजारापासून टिळकवाडीपर्यंत भरपूर आहेत. शिवाजी महाराजांची तसबीर, लग्नातला फोटो, लेकीचं पदवीपत्र, देवघरातली लक्ष्मी. सकाळी द्या, संध्याकाळी न्या. त्या कामाला ती दुकानं चांगली आहेत, मीही तिथं जाते. हे लिहितेय ते वेगळ्या गिऱ्हाइकांसाठी. एखाद्या हयात चित्रकाराची चित्रं वर्षानुवर्षं घेत आलेली माणसं आपल्याकडं आहेत, आणि तो चित्रकार दर काही वर्षांनी कात टाकत असतो. अशांनी चित्र कुणाच्या हातात द्यावं? माझं उत्तर शहापुरातल्या एका बोळातलं दुकान. पाटी नाही. मालकांना सगळे मिस्त्रीच म्हणतात, त्यांना दुकानाची जाहिरात नको आहे, म्हणून मीही तेवढंच लिहिते.

आधी आमच्याबद्दल. मी वडगावची, घर मागवाल्यांचं, आता साड्यांचं दुकान चालवते. खानापूरचे एक दातांचे डॉक्टर, निपाणीच्या एक निवृत्त शिक्षिका, अनगोळचं एक तरुण जोडपं आणि मी, असे आम्ही एकाच चित्रकाराच्या मागे लागलेलो आहोत. चित्रकार खानापूर तालुक्यातले, जांबोटीकडच्या बाजूचे. आम्ही श्रीमंत नव्हे. कुणी हप्त्यानं घेतो, कुणी दिवाळीच्या बोनसातून. एकमेकांकडं जाऊन चित्रं बघतो, नव्या चित्रावरून भांडतो. ज्या गावात के. बी. कुलकर्णींनी चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या, जिथून त्यांचे शिष्य, चित्रकार रवी परांजपे (१९३५–२०२२) पुढं गेले, त्या गावात जलरंगावर भांडणारी माणसं सापडली तर नवल नाही.

आमच्या चित्रकारांचे आतापर्यंत तीन टप्पे झाले. पहिला पावसाचा. अर्ध्या इंपीरियल कागदावर, म्हणजे १५ बाय २२ इंच, कणकुंबीच्या वाटेवरची कौलारू घरं, धुकं, ओली झाडं. सगळं पारदर्शक जलरंगात. दुसऱ्या टप्प्यात कागद सुटला, मोठा कॅनव्हास आला, ॲक्रिलिक रंग आले. घर गेलं, कौलं गेली, राहिली ती फक्त भिंत. तिसरा टप्पा आता चालू आहे. जांभ्याची, म्हणजे आपल्याकडं ज्याचे चिरे भिंतीला लावतात त्या तांबड्या दगडाची माती खलून, डिंकात कालवून, जाड हातकागदावर थरावर थर. त्यात ना घर दिसतं ना भिंत. तांबूस, भोकाभोकांचा एक पृष्ठभाग, कुठं काळसर, कुठं पिवळा.

तिसऱ्या टप्प्यावर आमच्यात दोन तट पडले. निपाणीच्या बाई म्हणाल्या, पावसाची चित्रं परत काढायला सांगा त्यांना, हे काय मातीचं? वरेरकर नाट्य संघातल्या के. बी. कुलकर्णी कलादालनात ही चित्रं लागली तेव्हा बघायला आलेल्यांपैकी बरेच जण असंच बोलत होते. मला ते पटत नाही. चित्रकाराकडून तेच ते मागायचं असेल तर छापील प्रत घ्यावी. चित्रकार स. ह. रझा फ्रान्सला गेले तेव्हा तिथली गावं रंगवत होते, सत्तरच्या दशकात त्यांनी तैलरंग सोडून ॲक्रिलिक हातात घेतलं, आणि पुढं त्यांच्या चित्रांत तो गोल बिंदू आला. चित्रकार वा. सु. गायतोंडे सुरुवातीला माणसं, आकृत्या काढत होते. नंतर रोलर आणि सुरी घेऊन त्यांनी आकृतीच सोडली. त्या दोघांना कुणी जुन्या चित्रांवर अडवून धरलं असतं तर काय उरलं असतं? सामान बदलतं तेव्हा चित्रकाराच्या मनातही काहीतरी सरकलेलं असतं. संग्रह करणाऱ्याचं काम त्या सरकण्याच्या मागे जायचं.

आमचा वाद मिटवला तो मिस्त्रींनी, तेही न विचारता. मातीचं पहिलं चित्र घेऊन मी दुकानात गेले. त्यांनी टेबलावरचा भुसा झाडला, स्वच्छ कापड अंथरलं, चित्र ठेवलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "आधी घर काढत होते. मग भिंत. आता भिंतीतला चिरा. जवळ जवळ येत चाललेत बघा की." इतकं सरळ आम्हा पाचांपैकी एकालाही दिसलं नव्हतं. या टप्प्यांतली आमची बहुतेक सगळी चित्रं त्यांच्या टेबलावरून गेलेली आहेत, आणि ती त्यांनी आमच्यापेक्षा जवळून पाहिलेली आहेत.

आता कामाबद्दल. जलरंगाच्या चित्रांना त्यांनी खिडकी कापलेला माउंट, म्हणजे चित्राभोवती बसणारा पुठ्ठा दिला. माउंटमुळं कागद काचेला टेकत नाही. आपल्याकडच्या पावसात काचेच्या आत दमट धरतं, आणि कागद काचेला चिकटला की बुरशी आलीच. माउंटचा पुठ्ठा आम्लरहित. साध्या पुठ्ठ्याची कापलेली कड काही वर्षांत तपकिरी होते आणि तो डाग चित्रावर उतरतो. कागद मागं चिकटवताना फेविकॉल नाही, सेलोटेप तर नाहीच. गव्हाच्या सत्त्वाची खळ स्वतः शिजवतात आणि जपानी टिश्यूच्या, म्हणजे पातळ पण चिवट कागदाच्या, दोन छोट्या पट्ट्यांवर चित्र वरून लोंबतं ठेवतात. उद्या ते काढायचं झालं तर पाण्याच्या बोटानं खळ सुटते, कागदाला इजा नाही. काच अतिनील किरण अडवणारी घ्या, असा त्यांचा आग्रह होता, आणि मला तो लगेच पटला. उन्हात लाल आधी उडतो हे शोकेसमधल्या साड्यांनी मला शिकवलंय. जलरंगातला ॲलिझरिन लालही तसाच कच्चा, आणि पावसाच्या चित्रांतली ओली कौलं त्याच लालात आहेत.

कॅनव्हासच्या वेळी त्यांनी सगळंच बदललं. काच नाही, माउंट नाही. त्या टप्प्यात चित्रकार रंग कॅनव्हासच्या कडांवरूनही वळवत होते. भिंत चौकटीत संपत नाही, असं त्यांचं म्हणणं. नेहमीची फ्रेम त्या कडा झाकते. मिस्त्रींनी चित्राभोवती बोटभर फट ठेवून सागवानाची उथळ पेटी केली, कडा पूर्ण दिसतात. मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी आहेत. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला की हलक्या हातानं त्या ठोकायच्या, ताण परत येतो. हे त्यांनी मला आणि माझ्या सुनेला दोघींना करून दाखवलं. आणखी एक गोष्ट सांगितली, जी प्रत्येकानं लक्षात ठेवावी. ॲक्रिलिकच्या चित्राला फुग्यांच्या प्लॅस्टिकात थेट गुंडाळू नका. उन्हाळ्यात गाडीत रंग मऊ पडतो आणि त्या फुग्यांचे गोल ठसे चित्रावर कायमचे उठतात.

मातीच्या चित्रांवर मात्र त्यांनी सगळ्यात जास्त डोकं चालवलं. लोहाच्या मातीचा रंग उन्हाला भीत नाही, म्हणून महागड्या काचेचा हट्ट त्यांनी इथं आपणहून सोडला आणि माझे पैसे वाचवले. अडचण वेगळी होती. डिंक कमी, माती जास्त, पृष्ठभाग भुरभुरीत. मला वजनाला हलकी म्हणून काचेऐवजी ॲक्रिलिक प्लॅस्टिकची पारदर्शक शीट हवी होती, चित्र मोठं, २२ बाय ३० इंचाचं. ते ठाम नाही म्हणाले. ॲक्रिलिकच्या शीटवर फडकं मारलं की स्थिर वीज तयार होते आणि ती चित्रावरची माती स्वतःकडं ओढते. मग काचच, आणि काच नि चित्र यांच्यात लपवलेल्या पट्ट्यांनी चांगलं अर्धा इंच अंतर. कागदाच्या फाटक्या, दोरेदार कडा त्यांनी माउंटखाली दाबल्या नाहीत. चित्र मागच्या पाठीवर उचलून धरलंय, त्यामुळं कागदाची सावलीसुद्धा दिसते. चित्रकार स्वतः बघायला आले तेव्हा त्या कडेपाशीच थांबले. पुढच्या चित्रांच्या कडा ते जास्त मोकळ्या सोडू लागलेत, असं मला वाटतं.

चित्राच्या पाठीवर मिस्त्री जे करतात ते मला इथल्या दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळालेलं नाही. एक चिठ्ठी लावतात: चित्रकाराचं नाव, महिना-वर्ष, माध्यम, कागद कुठला, कुणाकडून कधी घेतलं, फ्रेम कधी केली, काच कुठली. शेजारी एक आम्लरहित लखोटा, त्यात पावतीची प्रत आणि प्रदर्शनाचं पत्रक. चित्र वारसाकडं गेलं, विकलं गेलं, तरी हा कागद त्याच्याबरोबर जातो. २००९ मध्ये दिल्लीत रझांच्या चित्रांचं एक प्रदर्शन भरलं होतं. उद्घाटनाला आलेल्या खुद्द रझांनी भिंतीवरची बरीच चित्रं आपली नाहीतच म्हणून सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत हे होतं, तर आमच्या खानापूरच्या चित्रकाराचं पन्नास वर्षांनी कोण काय सांगेल? ही चिठ्ठी सांगेल. शिवाय तिच्यामुळं कुठलं चित्र आधीचं, कुठलं नंतरचं हा क्रम टिकतो, आणि आमच्यासारख्यांचा सगळा जीव त्या क्रमात आहे.

चुकीच्या हाती चित्र गेलं तर काय होतं, हे डॉक्टरांच्या पावसाच्या चित्रात बघायला मिळतं. दुसऱ्या एका दुकानानं ते पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलं, माउंट न देता काच लावली. चार पावसाळ्यांत धुक्याचा पांढरा भाग काचेला धरला. डॉक्टर ते मिस्त्रींकडं घेऊन आले. दुसरा कुणी सुरी घेऊन बसला असता. मिस्त्रींनी फ्रेमला हातही लावला नाही. "हे माझं काम नव्हे. ओढलं तर धुकं काचेवर राहील आणि कागद तुमच्या हातात." असं चित्र कागदाच्या संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडंच जायला हवं, म्हणून त्यांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राकडं किंवा बेंगळुरूला इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या केंद्राकडं विचारायला सांगितलं. येणारं काम परत पाठवणाऱ्या कारागिरावर मी डोळे झाकून विश्वास ठेवते.

त्रासही आहे, तो सांगायला हवा. वेळ फार लागतो. मातीच्या चित्राला दीड महिना लागला. मृग नक्षत्रापासून गणपती होईपर्यंत ते कागदाचं काम हातात घेतच नाहीत. दमट कागद काचेत कोंडला की ओल आतच राहते, हे त्यांचं कारण, आणि ते बरोबर आहे. पण जूनमध्ये चित्र घेतलेल्याला सप्टेंबरपर्यंत ते कपाटात सपाट ठेवावं लागतं. फोन उचलत नाहीत. विचारायला गेलं की "घाई कशाला करूलालाय, चित्र कुठं पळून जातंय?" हे उत्तर. अतिनील काच दुकानात नसते, पुण्याहून मागवतात, आणि वाटेत फुटली तर परत थांबा. घरपोच देण्याची सोय नाही. बोळ इतका अरुंद की मोठ्या कॅनव्हासला टेम्पो तोंडाशीच उभा करून दोघांनी उचलून आणावा लागतो.

पैसे म्हणाल तर साध्या दुकानात दीड-दोन हजारांत होणाऱ्या आकाराला माझ्याकडून जलरंगासाठी ४,२०० रुपये घेतले, मातीच्या मोठ्या चित्राला ६,५०० रुपये. सागवानाची पेटी याहून महाग. पक्कं बिल मागितलं की देतात. चित्राच्या किमतीपुढं हा खर्च मला रास्त वाटतो. पण नवीन संग्रह सुरू करणाऱ्या तरुणांना तो जड जातो, हे अनगोळच्या जोडप्याकडं बघून कळतं. त्यांना मिस्त्रींनी एक तोड सांगितली: आत्ता फक्त आम्लरहित माउंट आणि पाठ करून घ्या, चित्र सपाट पेटीत ठेवा, फ्रेम पुढच्या वर्षी. अशी गिऱ्हाइकं ते हप्त्यावर घेतात.

एक सांगणं मिस्त्रींनाही आहे, आणि ते मी तोंडावरही बोलले आहे. खळ कशी शिजवायची, टिश्यूची पट्टी किती ओली ठेवायची, हे आज फक्त त्यांच्या हातात आहे. दुकानात पुतण्या बसतो, तो काच छान कापतो, पण चित्राला हात लावायची मुभा त्याला अजून नाही. ती आता द्यायला हवी. आमचे चित्रकार पन्नाशीचे आहेत, चौथा टप्पा येणारच, आणि तेव्हा ही चौकट कुणीतरी परत नव्यानं आखायला लागेल.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, दुपारनंतर ते करवतीच्या कामात असतात. चित्र गुंडाळून नेऊ नका, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट न्या. चित्राची पावती आणि प्रदर्शनाचं पत्रक बरोबर ठेवा, पहिल्यांदा तेच मागतात. आणि काच कुठली घ्यायची हे घरून ठरवून जाऊ नका. आधी त्यांना चित्र बघू द्या.