इंग्लंडमधले पूर्वज शोधताना: जनगणना, दफनाची नोंद की वर्कहाऊसचं रजिस्टर?

सून किंवा जावई इंग्रज घरातला असतो आणि नातवंडांना त्या बाजूची वंशावळ हवी असते. किंवा पणजोबांचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी इंग्लंडहून भुसावळ-इगतपुरीला आलेले असतात आणि त्यांच्या मागचं काहीच ठाऊक नसतं. अशा मराठी घरांतला शोध फिरून फिरून तीन प्रकारच्या कागदांपाशी येतो: जनगणनेचे तक्ते, दफनाची रजिस्टरं आणि वर्कहाऊसची, म्हणजे गरिबांना आत ठेवून कामाला लावणाऱ्या सरकारी घरांची, दप्तरं. तिन्हींमध्ये एकदम हात घातला की पैसे जातात, वेळ जातो आणि हाती भलत्याच घराण्याचा विल्यम स्मिथ लागतो. म्हणून आधी कशाला हात घालायचा, हे ठरवण्यासाठी हा आढावा.

माझं मत आधीच सांगते. सुरुवात जनगणनेपासून करा. दफनाच्या नोंदी पडताळणीसाठी ठेवा, केवळ त्यांच्या भरवशावर पिढी जोडू नका. आणि घर गरीब होतं अशी जराशी जरी चाहूल लागली, तर वर्कहाऊसची कागदपत्रं सोडू नका, मग त्यासाठी प्रवास करावा लागला तरी चालेल.

जनगणना

आपल्याकडच्या अनुभवावरून पाहिलं तर हे नवल वाटेल. भारतात 1948 च्या जनगणना कायद्यानुसार घराघरातून भरून घेतलेले तक्ते कुणालाही पाहायला मिळत नाहीत. आपल्याला दिसतात ते फक्त आकडे. इंग्लंडमध्ये शंभर वर्षं उलटली की आख्खा तक्ता खुला होतो, माणसांच्या नावांसकट. जनगणना तिथे 1801 पासून दर दहा वर्षांनी होते, पण देशभरातल्या माणसांची नावं व्यवस्थित मिळतात ती 1841 पासून.

1841 चा तक्ता वाचताना सावध राहायला हवं. पंधरा वर्षांवरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, त्यामुळे ‘25’ म्हणजे 25 ते 29 मधलं काहीही. नातं विचारलेलंच नाही. एका छपराखाली पुरुष, बाई आणि चार मुलं दिसली म्हणजे ते नवरा-बायको आणि त्यांची मुलं असतीलच असं नाही. ती बाई बहीणही असू शकते. जन्म याच परगण्यातला का, एवढंच ‘हो’ किंवा ‘नाही’ असं लिहिलंय. नावांच्या कडेला बारीक तिरप्या रेघा असतात. एक रेघ म्हणजे कुटुंब संपलं, दोन रेघा म्हणजे घर संपलं. संगणकावर टाईप केलेल्या यादीत या रेघा गळून पडतात, म्हणून मूळ पानाचा फोटो उघडल्याशिवाय 1841 चं काहीही पक्कं धरू नये.

1851 पासून कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगावाचं पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), हे दोन रकाने आले आणि खरं काम सोपं झालं. जन्मगाव कळलं की त्या गावच्या चर्चच्या नोंदींकडे जाता येतं. ते प्रत्येक तक्त्यात ताडून पाहा. एकाच माणसाचं जन्मगाव तीन तक्त्यांत तीन तऱ्हेनं लिहिलेलं सापडतं, कारण सांगणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा.

1911 च्या तक्त्यापाशी मी नेहमी रेंगाळते. तो कुटुंबप्रमुखानं स्वतःच्या हातानं भरलेला आहे, म्हणजे पूर्वजाचं अक्षर समोर येतं. त्यात विवाहित बाईबद्दल विचारलंय: लग्नाला किती वर्षं झाली, एकूण मुलं किती झाली, हयात किती, गेलेली किती. दहा वर्षांच्या अंतरानं मोजणी होत असल्यामुळे मधल्या काळात जन्मून मधल्याच काळात गेलेलं मूल कुठल्याच तक्त्यात येत नाही. ते होतं, हे या एका रकान्यामुळे कळतं. पुढे त्या मुलाचं नाव शोधायला दफनाची नोंद लागते. तिचा सगळ्यात चांगला उपयोग मला तरी इथेच दिसतो.

मर्यादाही आहेत. 1921 चे तक्ते 2022 च्या जानेवारीत खुले झाले, पण त्यांच्यापुढे मोठी पोकळी आहे. 1931 चे तक्ते 1942 च्या डिसेंबरात आगीत जळाले आणि 1941 साली युद्धामुळे मोजणीच झाली नाही. मधला आधार म्हणजे 29 सप्टेंबर 1939 ची युद्धकालीन नोंदणी. त्यात जन्मतारीख मिळते, पण नातं मिळत नाही. पुढची जनगणना, 1951 ची, खुली व्हायला 2052 उजाडेल.

खर्चाच्या बाजूनेही जनगणनाच परवडते. 1881 ची यादी फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. मूळ पानांचे फोटो पाहायला बहुधा वर्गणी लागते, पण इंग्लंडमधल्या कितीतरी सार्वजनिक वाचनालयांत अँसेस्ट्री हे वर्गणीचं संकेतस्थळ फुकट वापरू देतात. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेलात तर 1921 चे तक्तेही तिथल्या संगणकावर विनामूल्य पाहता येतात.

दफनाची नोंद

काळात मागे जायचं तर हीच सर्वांत लांब पोचते. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या 1538 च्या हुकुमानं प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवणं भाग पडलं. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली. त्याआधीच्या तीन शतकांसाठी चर्चच्या रजिस्टरवाचून गत्यंतर नाही.

मात्र नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीसारखं काही मिळेल, ही अपेक्षा ठेवू नका. तिथे एका पानावर बाप, आजा, भाऊ आणि गाव सापडतं. इंग्लंडच्या दफन रजिस्टरात 1813 पर्यंत बहुतेक ठिकाणी एवढंच असतं: ‘जॉन, विल्यमचा मुलगा’, आणि तारीख. प्रौढ माणूस असेल तर तेवढंही नाही. 1813 पासून छापील नमुना आला, त्यात नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूची सही असते. आई-बापाचं नाव विचारलेलंच नाही. दफनाची तारीख म्हणजे मृत्यूची तारीखही नव्हे. मध्ये काही दिवस जातात.

त्यामुळे एका गावात त्याच नावाची दोन माणसं असली की फक्त दफनाच्या आधारानं बाप ठरवणं म्हणजे अंदाजपंचे काम. इंग्लंडमध्ये प्रौढ माणसाच्या मृत्यूच्या सरकारी दाखल्यावरही पालकांची नावं नसतात. स्कॉटलंडचा मामला अगदी निराळा आहे. तिथे 1855 ला नोंदणी सुरू झाली तेव्हापासून मृत्यूच्या नोंदीत आई-वडिलांची नावं विचारली जातात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. पूर्वज स्कॉटिश असतील तर तुम्ही नशीबवान.

पैसे घालवण्याआधी एक करा. इंग्लंडच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाईन सूचीत नाव नोंदवलं की मृत्यूसमयीचं वय आणि जन्माच्या नोंदीतलं आईचं माहेरचं आडनाव विनामूल्य दिसतं. तेवढ्यावरून निम्म्या शंका मिटतात, मगच दाखला मागवा.

1820 च्या दशकापासून शहरांत खासगी कंपन्यांच्या आणि शतकाच्या मध्यानंतर नगरपालिकांच्या दफनभूमी आल्या. त्यांच्या रजिस्टरात कबरीचा क्रमांक असतो. खासगी कबर असेल तर त्याच क्रमांकावर आणखी कोण पुरलंय ते विचारा, आख्खं कुटुंब एकत्र सापडण्याची शक्यता असते. सामाईक कबर असेल तर त्यातली बाकीची माणसं परकी. पैसे नसणाऱ्यांना एकावर एक असं तिथे ठेवलेलं असे. तिथून काही नातं काढायला जाऊ नका.

वर्कहाऊसची दप्तरं

1834 च्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समध्ये पॅरिशांचे गट (‘युनियन’) पाडले आणि गरिबांना मदत हवी असेल तर त्यांनी वर्कहाऊसमध्ये यावं, असं धोरण ठेवलं. आत आल्यावर कपडे काढून घेत, गणवेश देत, नवरा-बायको आणि मुलं यांना वेगवेगळ्या भागांत ठेवत, आणि दगड फोडण्यापासून धुण्यापर्यंत कामं करून घेत. धास्ती वाटावी असंच ते मुद्दाम चालवलेलं होतं. धडधाकट माणसांनी मदत मागायला येऊ नये हा हेतू असला तरी आत भरणा असे तो म्हाताऱ्यांचा, आजाऱ्यांचा, मुलांचा आणि लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींचा.

आणि या माणसांबद्दल सरकारनं जेवढं लिहिलं तेवढं खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसांबद्दल कुणी लिहिलेलं नाही. प्रवेश आणि सुटकेच्या रजिस्टरात तारीख, वय, धंदा, कोणत्या पॅरिशमधून आला, कुणाच्या हुकुमानं आत घेतला, हे सगळं ओळीनं येतं. सुटकेच्या रकान्यात ‘स्वतःच्या विनंतीवरून’, ‘पळून गेला’ किंवा नुसतंच ‘मृत’. एखादी बाई दर हिवाळ्यात आत येते आणि वसंतात बाहेर पडते, हे पानामागून पान वाचताना दिसत जातं. अशी नोंद वाचताना मला दर वेळी भरून येतं.

पण निवड करायचीच असेल तर आधी धर्म-रजिस्टर मागवा. 1860 च्या दशकाच्या अखेरीस ते सक्तीचं झालं, कारण मुलांना आईबापाच्या पंथाप्रमाणे वाढवायचं होतं. ही रजिस्टरं बहुधा आडनावांच्या आद्याक्षरानुसार लावलेली असतात, म्हणून शोधायला सोपी. त्यात पुष्कळदा जन्माचं साल आणि जवळच्या नातलगाचं नाव-पत्ता मिळतो. हा पत्ता हातात घेऊन परत जनगणनेकडे गेलात की दुसरं घर उघडतं.

चार्ली चॅप्लिनचं उदाहरण पाहा. 1889 च्या त्याच्या जन्माची सरकारी नोंद आजवर सापडलेली नाही. पण 1896 साली आई हॅना आणि सावत्र भाऊ सिडनीसोबत तो वर्कहाऊसमध्ये गेला, आणि तिथून मुलांना हॅनवेलच्या शाळेत पाठवलं. त्याच्या बालपणाच्या त्या वर्षांच्या तारखा आज सांगता येतात त्या गरीब-मदत मंडळांच्या आणि शाळेच्या दप्तरांमुळे. लँबेथच्या रेनफ्र्यू रोडवरच्या वर्कहाऊसच्या इमारतीत आता सिनेमाचं संग्रहालय आहे.

या दप्तरांची मोठी अडचण म्हणजे ती सगळीकडे टिकलेली नाहीत. लंडनची पुष्कळशी आहेत, ती क्लर्कनवेलच्या लंडन आर्काईव्हजमध्ये मिळतात आणि बरीचशी ऑनलाईनही आहेत. अन्यत्र एका युनियनचे सगळे खंड असतात, तर शेजारच्या युनियनचे फक्त सभेचे वृत्तांत. शिवाय सगळे गरीब आत गेले नाहीत. घरबसल्या थोडी मदत घेणारे खूप होते आणि त्यांच्याबद्दल लिहिलेलं त्रोटक आहे.

तुमचा पूर्वज वर्कहाऊसमध्ये होता का, हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. 1904 नंतर जन्मदाखल्यावर वर्कहाऊसचं नाव न घालता साधा रस्त्याचा पत्ता घालायची पद्धत आली, मुलावर पुढे डाग लागू नये म्हणून. तेव्हा तो पत्ता ओळखीचा वाटला नाही तर त्या गावच्या वर्कहाऊसच्या पत्त्याशी ताडून पाहा. दुसरी खूण दफनाची. 1832 च्या कायद्यानुसार वर्कहाऊसमध्ये मेलेल्याचा देह कुणी नातलगानं मागितला नाही तर तो वैद्यकीय शाळेला देता येई. मृत्यूचा दाखला आहे, पण दफन सापडत नाही, किंवा कित्येक आठवड्यांनी दुसऱ्याच ठिकाणी सापडतं, त्यामागे हे कारण असू शकतं.

क्रम उलटा कधी करायचा

आयर्लंडमध्ये. तिथले 1821 ते 1851 चे बहुतेक तक्ते 1922 च्या जूनमध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत गेले, 1861 ते 1891 चे सरकारनंच नष्ट केले. 1901 आणि 1911 चे पूर्ण आहेत आणि फुकट पाहायला मिळतात, पण त्यामागचं एकोणिसावं शतक हवं असेल तर डब्लिनच्या वर्कहाऊसची प्रवेश-रजिस्टरं 1840 पासून आहेत. आयरिश शोधात मी तिथूनच सुरुवात करीन. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीतले गरीब-मदतीचे अर्ज तर जणू आत्मचरित्रंच: अर्जदाराचा जन्म, लग्न, मुलं, आई-बाप, राहिलेली घरं.

आणि पूर्वज इकडे येऊन वारला असेल तर दफनाची नोंदच पहिली. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती दफनांच्या नकला अठराव्या शतकापासून लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इंग्लंडातल्या चर्चच्या रजिस्टरात जे नसतं, म्हणजे हुद्दा, पलटण आणि पुष्कळदा मृत्यूचं कारण, ते या नकलांमध्ये मिळतं. शिवडीच्या किंवा पुण्यातल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत दगड शोधत फिरण्याआधी त्या पाहून घ्या. दगड पडलेले असतात, अक्षरं पुसलेली असतात. तारीख हाती असली तर दफनभूमीच्या कार्यालयात रजिस्टर काढून देणं त्यांनाही सोपं जातं.