निवती रॉकच्या ‘केव्ह डाइव्ह’च्या नावाखाली आमचे 38,800 रुपये गेले

गेल्या मोसमात समुद्री गुहेतल्या डायव्हिंगची जाहिरात करून एका माणसाने आम्हा चौघांना 38,800 रुपयांना गंडा घातला. नातेवाइकांत विषय निघाला की अजून अंगाचा तिळपापड होतो आणि मान खाली जाते. घरचे म्हणतात, झालं गेलं सोडून दे. नाही सोडणार. याच जाहिरातीवर लोक अजून पैसे पाठवताहेत.

जाहिरात इन्स्टाग्रामवर दिसली: निवती रॉक, समुद्री गुहा आणि कमान, पाण्याखालून आरपार, माणशी 6,500. दादाकडे आणि माझ्याकडे ओपन वॉटरचं, म्हणजे स्कुबा डायव्हिंगच्या पायाभूत कोर्सचं, सर्टिफिकेट आहे, वहिनी आणि भाचा पहिल्यांदाच पाण्यात उतरणार होते. ज्यांना तो भाग माहीत आहे त्यांना कळेल की हे अगदीच हवेतलं नव्हतं. सिंधुदुर्गात निवतीसमोरच्या समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर दीपगृह आहे, गुहा आहेत आणि त्यांत पाकोळ्या घरटी करतात. हे आधीपासून ठाऊक असल्यामुळेच विश्वास बसला. धादांत खोटं असतं तर आम्ही पुढे गेलोच नसतो.

आधी निम्मा अ‍ॅडव्हान्स, 13,000. मग बंदराच्या परवानगीचे माणशी 1,200, म्हणजे 4,800. मग ‘परत मिळणारं’ डिपॉझिट माणशी 2,000, म्हणजे 8,000. आदल्या रात्री साडेदहाला फोन: उरलेले 13,000 आत्ता टाका, नाहीतर स्लॉट दुसऱ्याला जातो. प्रत्येक वेळी क्यूआर वेगळा आणि स्क्रीनवर नाव वेगळं. विचारलं तर म्हणाला, ताई, सगळे आपलेच पार्टनर आहेत. व्यवसायाच्या नावाचं खातं नसेल तर एक रुपयाही पाठवू नका. पावती मागा. ‘नंतर देतो’ म्हणाला की फोन ठेवून द्या.

पण ज्या क्षणी सगळं कळायला हवं होतं तो वेगळाच, आणि तोच डोक्यातून जात नाही. मी त्याला स्पष्ट विचारलं होतं, वहिनीला पोहता येत नाही, सर्टिफिकेटही नाही, ती गुहेत कशी येणार? तो म्हणाला, “काही लागत नाही ताई, आमचा मुलगा हात धरून ह्या तोंडातून आत नेतो आणि त्या तोंडातून बाहेर काढतो.” माझ्या ओपन वॉटरच्या पुस्तकात लिहिलं आहे की डोक्यावर छत असलेल्या जागी वेगळ्या प्रशिक्षणाशिवाय शिरायचं नाही. खोलीची मर्यादा 18 मीटर, तीही वर मोकळं पाणी असेल तर. पहिल्यांदा उतरणाऱ्याला 12 मीटर. गुहेत घाबरलात तर सरळ वर येता येत नाही, वर दगड असतो. बाहेर लाट साधी वाटते, पण आत अरुंद जागेत तेच पाणी माणसाला खडकावर आपटतं. म्हणून गुहेत जाणारे दोरीची रीळ आणि जास्तीचे टॉर्च नेतात. हवेचे तीन भाग करतात: एक जायला, एक यायला, एक राखीव. हात धरून आरपार नेण्याची ही जागाच नव्हे.

हे मला माहीत होतं. मग विचारतील, गप्प का बसलीस? कारण आपल्या किनाऱ्यावर पोहता न येणाऱ्यांना हात धरून खाली नेणं हे रोजचं आहे. मालवण-तारकर्लीला हजारो लोक तसंच स्कुबा करून येतात आणि सुखरूप येतात. त्या रोजच्या गोष्टीलाच त्याने गुहा चिकटवली. ऐकणाऱ्या कोणालाही ते खरं वाटलं असतं.

ठरलेल्या दिवशी जेटीवर आलेला होडीवाला साधा, वयस्कर माणूस. गुहेचं नाव काढल्यावर तो आमच्याकडे बघतच राहिला. “माका चार मानसांचे दोन हजारच इलेत. गुहेत आमी कोणाक नेनव नाय.” दोन हजार! आमच्याकडून अडतीस हजार आठशे आणि या माणसाला दोन हजार. त्याने आम्हाला नेहमीच्या जागी नेलं. होडीच्या शिडीला धरून खाली उतरलो. चार हातांपलीकडचं धड दिसेना इतकं पाणी गढूळ, आणि फोटो काढणारा पोरगा पाव कुस्करून मासे गोळा करत होता. पुढे दोन खडकांमध्ये एक फट होती. वर आल्यावर त्या पोराने सांगितलं, एजंट म्हणाला होता की हीच गुहा म्हणून दाखव. होडीवाल्यावर माझा राग नाही. वहिनीला त्याने नीट सांभाळून वर आणलं.

एजंटचा फोन तेव्हापासून बंद.

घरी आल्यावर भाच्याने त्याने पाठवलेला व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. निळंशार पाणी आणि छताला लटकलेले चुन्याचे सुळके. असे सुळके थेंब थेंब पाणी झिरपून कोरड्या गुहेत तयार होतात, पाणी नंतर भरतं. मेक्सिकोतल्या युकातानच्या गुहा तशा आहेत. लाटांनी खडकाच्या भेगा पोखरून झालेल्या समुद्री गुहेत असे सुळके कुठून येणार? आणि कमानीचा फोटो माल्टाजवळच्या गोझो बेटावरचा निघाला. ती कमान 8 मार्च 2017 ला वादळात कोसळली. जी आता जगात कुठेच उभी नाही ती कमान आम्हाला निवतीची म्हणून विकली. जाहिरातीतला फोटो आधी गुगल लेन्सवर टाका, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता तक्रारीचं ऐका. आमच्या भागातलं ठाणं म्हणालं, घटना किनाऱ्यावर घडली, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात सांगितलं, पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडे जा. एका अंमलदाराने तर विचारलं, “पाण्यात उतरलात ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे.” दखलपात्र गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं स्पष्ट आहे. मी कलम दाखवलं, तर म्हणे साहेब आल्यावर बघू. साहेब कधी आलेच नाहीत. बँकेने एका वाक्यात हात वर केले: पिन तुम्हीच टाकलात. पर्यटनाच्या कार्यालयात सांगितलं, हा माणूस आमच्याकडे नोंदलेला नाही, म्हणून कारवाई करता येत नाही. नोंद नाही, हाच तर त्याचा गुन्हा! आणि तेच कारवाई न करण्याचं कारण? कर भरणाऱ्याने, पावत्या जपणाऱ्याने जायचं तरी कुठे? ज्या दिवशी कोणाची वहिनी खरंच एखाद्या कपारीत अडकेल त्या दिवशी हेच लोक पंचनाम्याला धावतील.

पैसे गेल्या गेल्या 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. पहिल्या काही तासांत खातं गोठवता येतं, आम्ही जेटीवर वाद घालण्यात तो वेळ घालवला. ग्राहक आयोगात, मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आम्ही तिथे अर्ज केला आहे. ‘इन्स्ट्रक्टर’च्या कार्डावरचा नंबर घ्या आणि ज्या संस्थेचं कार्ड तो दाखवतो तिच्या वेबसाइटवर तपासा. सर्टिफिकेट न विचारता गुहेत नेणारा माणूस एकतर खोटं बोलतोय किंवा तुमच्या जिवावर उठलाय.

तोच व्हिडिओ, तेच सुळके, नव्या नावाच्या अकाउंटवर परत फिरतो आहे. दर आता माणशी 7,200 केलाय आणि दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग घेणं सुरू आहे.