मानेची गाठ तपासायला ही लॅब कशी आहे? (बेळगाव)

सुईच्या तपासणीला पाचपैकी तीन, बायोप्सी वाचण्याला साडेचार.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे पुष्कळ पेशंट शहरातल्या या खासगी लॅबमध्ये मानेची गाठ दाखवायला येतात. सुई घालण्याचं काम चोख. २३ गेजची बारीक सुई, काचेवरचा नमुना लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कमी वाटला तर तिथंच पुन्हा घेतात. काउंटरवर मराठी बोलतात. संमतीपत्र मात्र कन्नड आणि इंग्रजीतच असतं. वाचून दाखवा म्हणून सांगावं लागतं.

खरी उणीव रिपोर्टात आहे. ‘गाठीत मृत पेशी, टीबीशी जुळते’ एवढं लिहून तो संपतो. आपल्याकडे मानेची गाठ म्हणजे गंडमाळ, आणि गंडमाळ म्हणजे टीबी, हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे त्या एका ओळीवर सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होतात. वय चाळिशीच्या आत, त्यातही बाई, मानेच्या मागच्या बाजूला एक-दोन सेंटिमीटरच्या दुखऱ्या गाठी, बारीक ताप, रक्तात पांढऱ्या पेशी कमी, असं असेल तर किकुची-फुजिमोतो या गाठी सुजण्याच्या आजाराचा विचार व्हायलाच हवा. १९७२ साली जपानमध्ये किकुची आणि फुजिमोतो यांनी हा आजार वेगवेगळा नोंदवला. तो दुर्मीळ आहे, बहुधा एक ते चार महिन्यांत आपोआप ओसरतो आणि त्याला टीबीच्या गोळ्यांचा काही उपयोग नाही. सुईने तो जेमतेम निम्म्या वेळा ओळखू येतो, कारण सुट्या पेशी मिळतात, गाठीची रचना दिसत नाही.

म्हणून अख्खी गाठ काढून द्यावी, तुकडा नको. इथं लॅबकडून फॉर्मेलिनची (गाठ टिकवायच्या रसायनाची) एकच बाटली मिळते, आणि ही चूक महागात पडते: फॉर्मेलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून बघणं) होत नाही. सर्जनला आधीच सांगून ठेवा. गाठ काढल्यावर एक भाग निर्जंतुक सलाईनमध्ये, सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी. उरलेला दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, गाठीच्या दहापट तरी द्रव हवा. बायोप्सीआधी स्टेरॉइड घेऊ नये, लिम्फोमा (गाठींचा कॅन्सर) असला तर तो झाकला जातो. कॉलरबोनच्या वरची गाठ असेल तर सुईवर थांबूच नका.

बायोप्सीचा रिपोर्ट मात्र मनापासून लिहिलेला असतो. मृत भागात पेशीकेंद्रांचा चुरा आहे पण न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जवळपास नाहीत, ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसतो तसा पेशींचा पुंजका) नाही, हे स्पष्ट नोंदवतात. किकुची ओळखायची खूण हीच. सीडी६८ आणि एमपीओ या पेशी ओळखायच्या खास रंगतपासण्या बाहेरगावी करून आणतात, त्याला वेळ लागतो. मागितला तर ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) परत देतात. तो घ्याच, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेताना लागतो. किकुची ठरला तर एएनए ही रक्ततपासणी करून घ्या. काहींना पुढे ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) होतो, त्यामुळे गाठ गेली तरी डॉक्टरांकडे अधूनमधून दाखवत राहावं लागतं.