आठ महिन्यांनंतर लिहितेय: सरकारी दवाखान्यातलं माझं बाळंतपण

डिस्चार्जच्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून पाचपैकी पाच दिले असते. पोरगी हातात होती, मी चालत घरी निघाले होते, आणि नवऱ्याच्या खिशातून गेले ते चहा-बिस्किटांचे पैसे. त्या दिवशी दुसरं काही दिसत नसतं. आता आठ महिने झाले, टाके भरले, झोप थोडी परत आली. आता नीट सांगता येईल.

सातवा लागल्यावर मी पुण्याहून माहेरी आले, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. पहिलं बाळंतपण माहेरी, यावर आमच्यात चर्चा होत नाही. गावातल्या खासगी मॅटर्निटी होममध्ये चौकशी केली. नॉर्मलचे चाळीस हजार, सीझर झालं तर दुप्पट, बाळाला पेटीत ठेवावं लागलं तर त्याचं वेगळं. नवरा म्हणाला, करू काहीतरी. पण माझी आत्या तीस वर्षं उपकेंद्रावर नर्सबाई होती. ती म्हणाली, "जिथं रोजची बाळंतपणं होतात तिथल्या हातांना सवय असते. एसीला बाळंतपण करता येत नाही." झालं, सरकारी ठरलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथं काम करणाऱ्यांत चांगल्या बायाही आहेत, त्यांना त्रास नको.

आधी पैशाचं, कारण सगळे तेच विचारतात. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातली प्रसूती मोफत आहे, सीझरसुद्धा. औषधं, तपासण्या, रक्त, नॉर्मलला तीन दिवस आणि सीझरला सात दिवस जेवण, घरून न्यायला-आणायला गाडी, सगळं. हे माझ्या बाबतीत बहुतेक खरं ठरलं. आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.९ आलं, तर ओपीडीतल्या मॅडमनी त्याच आठवड्यापासून लोहाची सलाईन सुरू केली. चार दिवसाआड जायचं, तासभर पडायचं. नवव्यात १०.६ झालं. त्या मॅडम हसत नाहीत, पण माझं कार्ड पहिल्या पानापासून वाचणाऱ्या त्या एकट्याच. बाहेरून आणायला लागलं ते एक मलम आणि पॅडची पाकिटं.

आणि हो, पेढे. त्याकडे येतेच.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाणी गेलं. शेजारच्या काकांच्या गाडीतून सहाला पोहोचलो. लेबर रूममध्ये चार टेबलं, मधे पडदे, पडद्यांना निम्म्याच कड्या. दारावर फलक होता की प्रसूतीच्या वेळी सोबत एका स्त्री नातेवाइकाला थांबता येईल. सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठी केंद्राचा 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम आहे, त्यातही तसंच म्हटलंय. फलकाच्या खाली बाक होता आणि बाकावर माझी आई, रात्रभर. आत सोडा म्हणून तीनदा विचारलं. "गर्दी होते" एवढंच उत्तर.

संध्याकाळच्या पाळीत मला काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही. कुणीतरी यायचं, हातमोजा घालायचं, तपासायचं, शेजारच्या बाईशी बोलत निघून जायचं. साडेसातला सलाईनमध्ये काहीतरी सोडलं आणि अर्ध्या तासात कळा अशा यायला लागल्या की मधे श्वास घ्यायला जागा राहीना. मला वाटलं, आपलं काहीतरी बिघडलंय. ती कळा वाढवायची ऑक्सिटोसिनची सलाईन होती, हे मला डिस्चार्ज कार्डावर वाचून कळलं. द्यायला हवी होती की नव्हती, हे ठरवायला मी डॉक्टर नाही. पण "आता कळा वाढतील, घाबरू नका" एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

नऊला रात्रीची सिस्टर आली. पन्नाशीची, बुटकी, चष्म्याची दोरी गळ्यात. तिनं आधी केसपेपर वाचला, मग माझ्या नावानं हाक मारली. त्या खोलीत तोवर मी "दोन नंबर" होते. "आता हात लावतेय, गार लागेल." "पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलंय, अजून बराच वेळ आहे, त्या कुशीवर वळा." "बाळाचे ठोके चांगलेत, ऐका," आणि मशीनचा आवाज मोठा केला. कळा तेवढ्याच होत्या, पण मी ओरडायची थांबले. लेबर रूममधली मावशी, म्हणजे आया, मघाशी म्हणाली होती, "आरडून काय हुतंय, सगळ्यांनाच दुखतंय." खरंच आहे ते. पण त्यानं कुणाचं दुखणं कमी होत नाही.

पहाटे तीन चाळीसला मुलगी झाली. दोन किलो चारशे. सिस्टरनं पुसून सरळ माझ्या छातीवर ठेवली, वर माझाच दुपट्टा. ओली, गरम, नाकातून घुर्र आवाज करणारी. वार पडायच्या आधीच तिचं तोंड शोधाशोध करायला लागलं होतं. पहिल्या तासात चीक पाजला गेला तो सिस्टरमुळे. नंतर मांडीत व्हिटॅमिन के, मग पोलिओचे थेंब, बीसीजी, कावीळ ब, सगळं वेळेत. याबाबतीत शंभर टक्के मार्क.

टाक्यांबाबत नाही. डोकं दिसायला लागल्यावर एका तरुण डॉक्टरनं न सांगता छेद दिला. पहिलटकरीण म्हटलं की टाके आलेच, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. सरसकट छेद देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, हे मी नंतर वाचलं. माझ्या वेळी गरज असेलही. पण शिवताना एका बाजूला बधिर झालंच नव्हतं. मी म्हटलं, लागतंय. "झालंच, दोन राहिलेत." मी मोजले. पाच राहिले होते. पुढे दीड महिना मांडी घालून बसता आलं नाही, पाजायला बसायचं तर एका बाजूवर कलून. कोमट पाण्याच्या टबात बसायचं, हे दवाखान्यात कुणी सांगितलं नाही. आत्यानं सांगितलं.

तर पेढे. वॉर्डात आणल्यावर मावशी आईजवळ आली. मुलगा झाला की हजार, मुलगी झाली की पाचशे, असा दर आहे. आई म्हणाली, मुलगीच झालीय. मावशी मोठ्या मनानं म्हणाली, "मुलगी झाली म्हणून काय झालं, लक्ष्मीय. पाचशेच द्या." स्त्री-पुरुष समानतेत आम्ही निम्म्यावर पोहोचलोय. आईनं दोनशे दिले आणि पुढचे दोन दिवस आमची चादर बदलली गेली नाही.

वॉर्डात वीस खाटा, पंखे सहा, चालणारे दोन. संडास सकाळी आठपर्यंत ठीक, नंतर जाऊ नये. जेवण साधं, गरम, पोटभर. दुसऱ्या रात्री पोरगी थांबेचना, शेजारच्या खाटेवरच्या आजी डब्यातली पावडर काढून बसल्या, "दूध उतरलं नाही हिला". सिस्टर आली, पोरीला पोटाशी धरायला लावलं, तिचं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला लावलं. दोन मिनिटांत घोट ऐकू आले. डबा परत पिशवीत.

तिसऱ्या दिवशी सुट्टी. कागद हातात, "आठ दिवसांनी दाखवा". कावीळ कशी ओळखायची, कधी परत यायचं, काही नाही. पाचव्या दिवशी ती पोटऱ्यांपर्यंत पिवळी दिसायला लागली. गल्लीतल्या सगळ्यांनी कोवळ्या उन्हात धरायला सांगितलं. आत्यानं बाळाला नुसतं बघितलं आणि रिक्षा बोलावली. बिलिरुबिन १७.८, वजन कमी, म्हणून दोन रात्री निळ्या दिव्याखाली, डोळ्यांना पट्टी. मी बाहेर बाकावर, दर दोन तासांनी आत पाजायला. तेही मोफत आणि काम चोख. पण आत्या नसती तर मी उन्हातच धरून बसले असते, हे अजून रात्री कधीतरी आठवतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. जन्माची नोंद २१ दिवसांत. आईच्या नावाचं स्पेलिंग तिथंच उभं राहून तपासा. माझं चुकलं, दुरुस्तीला चार खेपा. मातृवंदना योजनेचे पहिले तीन हजार गरोदरपणात आले. उरलेले दोन हजार साडेतीन महिन्यांची लसीकरणं झाल्यावर, तेही आशाताई मागे लागली म्हणून.

गेल्या आठवड्यात शेजारची प्रियंका विचारायला आली. तिला सहावा आहे. म्हणाली, ताई, तिथं जाऊ का? मी म्हटलं, जा. आणि कागदावर लिहून दिलं: सलाईनमध्ये काय सोडताय ते विचार. छेद द्यायच्या आधी सांगा म्हणावं. टाके घालताना लागलं तर गप्प बसू नको. निघताना कावीळ कशी बघायची ते तोंडानं वदवून घे. आईला सांग, फलकाकडे बोट दाखवून उभी राहा.

तिनं कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. दारात जाऊन परत वळली.

"आणि खाट कुठली घेऊ?"

"खिडकीकडून तिसरी. तिथला पंखा चालतो."