पुणे–नागपूर स्लीपर: गाडी चांगली, संकटकालीन मार्ग बंद

संगमवाडीहून रात्रीची गाडी वेळेवर सुटली. चादरी धुतलेल्या, एसी नीट, ड्रायव्हर समृद्धीवरसुद्धा वेग आवरून चालवणारा. जेवायला थांबवलं तिथे बायकांच्या स्वच्छतागृहात पाणी होतं, हेही सांगायला हवं. तरी मी दोनच तारे देतेय, ते शेवटच्या बर्थमागे जे पाहिलं त्यामुळे.

मागच्या काचेवर लाल अक्षरांत ‘संकटकालीन मार्ग’ लिहिलंय. आतून मात्र तिथे पार्सलची खोकी रचलेली, त्यांच्यावर जादा गाद्यांची वळकटी, आणि काच उघडायची मूठ या सगळ्याच्या मागे. हातोडी अडकवायची जागा आहे, हातोडी नाही. क्लीनर म्हणाला, “ताई, लोक काढून नेतात.” ऑफिसला फोन केला, तर “गाडीचं पासिंग झालंय” एवढंच उत्तर. पासिंगच्या वेळी ही खोकी तिथे असतील का? बाहेर पडायची वाट बुजवायची आणि कोणी विचारलं की पळवाट काढायची, हे मला अजिबात मान्य नाही.

1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर याच समृद्धीवर, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस डाव्या अंगावर उलटून पेटली. दरवाजा त्याच बाजूला, त्यामुळे खाली दबला. 25 माणसं गेली. वाचलेल्यांपैकी काही जण काच फोडून बाहेर आले. आम्ही वर्धा-नागपूरकडची माणसं सणावाराला याच रस्त्याने जातो-येतो. झोपेतून उठलेल्या माणसाला धुरात खोकी बाजूला करणं जमेल का, याचा विचार मालकांनी करावा.

परतीला दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली. चादर जरा जुनी होती, पण निघण्याआधी क्लीनरने सगळ्यांना मागची काच, छतावरचं झाकण आणि हातोड्या दाखवल्या. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिला खालचा, दाराजवळचा बर्थ बदलून दिला. तिने स्वतः मूठ फिरवून पाहिली, मगच आडवी झाली.

तिकीट काढताना मागच्या काचेचा आतून काढलेला फोटो मागा. मी आता मागते. पहिल्या गाडीच्या मालकांनी पार्सल डिकीत हलवली आणि हातोड्या लावल्या, तर त्याच गाडीने पुन्हा जायला मी तयार आहे. तारेही तेव्हा वाढवीन.