शेअर आणि फंडांच्या हिशेबाला गुगल शीट्स: वही उत्तम, भावफलक कामचलाऊ

पोर्टफोलिओ सांभाळणारी तयार अ‍ॅप्स पुष्कळ आहेत. पण दोन-तीन ठिकाणची खाती आणि फंड एकत्र धरून खरा परतावा काढायचा असेल, तर गुगल शीट्स अजूनही सरस ठरते. मात्र मांडणी आपली आपल्यालाच करावी लागते.

पहिल्या टॅबवर फक्त व्यवहार ठेवावेत: तारीख, टिकर (बाजारातले शेअरचे संक्षिप्त नाव), प्रकार, नग, भाव आणि दलाली व कर धरून एकूण रक्कम. विक्रीचे नग उणे, लाभांशाच्या ओळीत नग शून्य. रकमेचे चिन्ह याच्या उलट: खिशातून गेली ती उणे, हाती आली ती अधिक. दुसऱ्या टॅबवर ‘समइफ’ने (अटीत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज करणारे फंक्शन) शिल्लक नग काढायचे. बरेच जण ही पहिली वहीच ठेवत नाहीत, नवी खरेदी झाली की सरासरी भाव हाताने बदलतात. मग तारखाच उरत नाहीत आणि परतावा काढायची वाट बंद होते.

‘गुगलफायनान्स’ हे फंक्शन भाव आणून देते, त्यावर फार विसंबू नये. भाव 20 मिनिटांपर्यंत उशिराचे असू शकतात आणि सगळे बाजार त्यात नाहीत. टिकरच्या आधी बाजाराचा कोड आणि कोलन द्यावाच, नाहीतर दुसऱ्याच बाजारातला त्याच नावाचा शेअर उचलला जाऊ शकतो. अनेक फंडांची एनएव्ही (एका युनिटचा भाव) मिळत नाही. वेबपेजवरून ती ओढून घेणारे फॉर्म्युले त्या पानाची रचना बदलली की बंद पडतात. एका सेलमध्ये ‘एन/ए’ (भाव मिळाला नाही ही त्रुटी) आला की खालची बेरीजही ‘एन/ए’. त्यावर ‘इफएरर’ (त्रुटीच्या जागी आपण सांगू ते दाखवणारे फंक्शन) लावून शून्य दाखवणे आणखी वाईट, कारण तेवढी गुंतवणूक बेरजेतून गुपचूप गायब होते. हाताने भरलेल्या शेवटच्या भावाचा वेगळा रकाना ठेवून शून्याऐवजी तो घ्यावा. एका शेअरचे दोन असे विभाजन झाले की भाव खाली येतो, पण वहीतले नग जुनेच राहतात. वाढीव नगांची शून्य रकमेची ओळ टाकली नाही, तर मूल्य अर्ध्यावर आलेले दिसेल.

शीटचा खरा फायदा ‘एक्सआयआरआर’मध्ये आहे: हे फंक्शन वेगवेगळ्या तारखांच्या रकमांवरून वार्षिक परतावा काढते. तारखा आणि रकमा द्यायच्या, शेवटी आजची तारीख आणि आजचे बाजारमूल्य अधिक चिन्हाने जोडायचे. निदान एक रक्कम उणे आणि एक अधिक नसेल तर उत्तरच येत नाही. त्रुटीचे दुसरे नेहमीचे कारण म्हणजे तारीख मजकूर म्हणून साठणे: सेलमध्ये ती डावीकडे चिकटलेली दिसली तर सेटिंग्जमधले लोकेल (तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते) तपासावे. फंडातच पुन्हा गुंतवलेला लाभांश रकमांत धरू नये, फक्त युनिट वाढवावेत. वर्षापेक्षा कमी काळाचा आकडा तर मनावरच घेऊ नये. 30 दिवसांतले 5 टक्के हे फंक्शन वार्षिक करून सुमारे 81 टक्के दाखवते!

ठरवलेल्या वाटपाचा (एकूण पैशांपैकी कशात किती टक्के ठेवायचे त्याचा) रकाना पाच मिनिटांत होतो. प्रत्यक्ष वजन, म्हणजे एकूण मूल्यातला टक्का, ठरवलेल्यापासून 5 टक्केबिंदू सरकले की सेल रंगेल अशी अट लावावी. नवे पैसे आधी मागे पडलेल्या भागात टाकले तर विक्री, तिचा खर्च आणि कर बऱ्याचदा टळतात.

एक गोष्ट मात्र शीट सांगत नाही: तीन फंड घेऊनही आत तेच ते शेअर असणे. फंडांनी जाहीर केलेली यादी उतरवून दोन-दोन फंड ताडून पाहावेत. प्रत्येक सामाईक शेअरचे दोन्हींतले जे वजन कमी, ते घेऊन बेरीज केली की तेवढे टक्के दुहेरी. ही बेरीज 60 च्या पुढे गेली तर दुसऱ्या फंडाचे शुल्क कशासाठी भरायचे?

रोज खरेदी-विक्री करणाऱ्यांनी किंवा फ्युचर्स-ऑप्शन्सवाल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी महिन्यातून एकदा वहीतले नग खात्याच्या विवरणाशी जुळवावेत, आणि फाइलची लिंक ‘कोणालाही’वर शेअर झालेली नाही ना, तेही पाहावे.